थोरलीचा गाल

बारकी काय काम करते ते सांगितलं तर लोक पुन्हा विचारतात. "पॉलिश? चेहऱ्याला?" हो, चेहऱ्याला. त्वचेच्या दवाखान्यात ती मशीन चालवते. मायक्रोडर्माब्रेजन हे पूर्ण नाव भिंतीवरच्या पाटीवर आहे आणि डॉक्टर मॅडमच्या तोंडी आहे. बाकी सगळे 'मायक्रो' म्हणून मोकळे होतात.

पेनासारखी एक नळी असते. तिच्यातून बारीक पांढरे कण कातडीवर आदळतात आणि त्याच नळीतून परत ओढले जातात. जाताना वरचा मेलेला थर घेऊन जातात. एका बरणीतून पांढरी पूड निघते आणि दुसऱ्या बरणीत करडी होऊन पडते. बारकी डाव्या हाताच्या दोन बोटांनी गाल ताणून धरते आणि उजव्या हाताने नळी फिरवते. आधी उभी, मग आडवी. कातडी गुलाबी झाली की थांबायचं. लाल व्हायची वाट बघायची नाही.

तिचा हात हलका आहे आणि बोलणं सरळ. "डाग उथळ असतील तर फरक दिसेल," ती खुर्चीतल्या माणसाला आधीच सांगते. "खोल खड्डे असतील तर माझ्याकडे झोपून उपयोग नाही. मॅडम दुसरं काहीतरी सांगतील." उठताना प्रत्येकाला तीच ताकीद: उन्हात जायचं नाही, आणि गालाला हात लावायचा नाही. स्वतःही नाही आणि दुसऱ्या कोणाला लावू द्यायचाही नाही.

नाव बारकी असलं तरी ती आता अंगाने चांगली भरलेली आहे. घरात दोन बहिणी, त्यातली धाकटी म्हणून बारकी. मोठी ती थोरली. वडील दोघी शाळेत असतानाच गेले. दोन खोल्यांचं घर, दुसऱ्या मजल्यावर. तिथे दोघी बहिणी आणि आई.

आई कापडाच्या कारखान्यात तपासणीला होती. उतरत्या काचेच्या टेबलाखाली दिवा असायचा आणि वरून कापड सरकत जायचं. गाठ, तुटलेला धागा, विरळ पट्टा दिसला की तिथे लाल चिकटपट्टी लावायची. बाकीच्या बायका डोळ्यांनी बघायच्या. आई अंगठा फिरवायची. पुढे काचबिंदूने डोळे गेले तेव्हा ती म्हणाली, "जाऊ देत. मी कधी वापरले त्यांना?" ही थट्टा तिने इतक्या वेळा केली की शेवटी कोणी हसेना. मग हळूहळू तिची आठवणही विरत गेली. सकाळचं दुपारी आठवेना. शेजारीपाजारी विसरले गेले, वडील गेलेले विसरले गेले. पण अंगठा विसरला नाही. कुरळ्या केसांवरून ती बारकीला ओळखायची. थोरलीला डाव्या गालावरून.

तो गाल म्हणजे थोरलीच्या आयुष्यातलं दुखणं. वयात येताना पुरळ उठलं. तिने ते नखांनी फोडलं आणि डाव्या गालावर कायमचा खडबडीत पट्टा राहिला. शाळेत तिला 'खवणी' म्हणायचे. पुढे ती औषधांच्या दुकानात काउंटरला लागली आणि तिने स्टूल असं ठेवलं की डावा गाल कपाटाकडे जाईल. तरी एखादी बाई क्रीम विकत घेताना विचारायचीच, "चांगलं आहे ना हे? तुम्ही नाही का वापरत?"

दुकानात जो गाल ती लोकांपासून लपवायची, तोच घरी आल्यावर आईच्या अंगठ्याखाली द्यायची. दारातून आत आली की पलंगाशी वाकायची. अंगठा डोळ्याखालून निघायचा आणि सगळे खाचखळगे ओलांडून जबड्यापर्यंत यायचा.

"आलीस? जेव आधी."

एवढंच. तरी त्या अंगठ्यावाचून थोरलीचा दिवस संपत नसे.

दवाखान्याच्या सुट्टीच्या दिवशी घरच्या माणसाला आणायची मुभा होती. बारकी कित्येक दिवस मागे लागली होती. शेवटी थोरली तयार झाली. मॅडमनी भिंगाखाली गाल बघितला. "बरेचसे उथळ आहेत. चार-दोन खोल आहेत ते राहतील. पण कडा मऊ होतील. कर तू."

"कडा मऊ झाल्या तरी पुष्कळ," थोरली म्हणाली. "मला काय गाल प्रदर्शनात ठेवायचाय?"

बारकीने बाजूने दिवा लावून आधीचा फोटो काढला. मग नळी उचलली. थोरली डोळे मिटून पडली होती. ओठ घट्ट मिटलेले.

"दुखतंय?"

"मांजर चाटल्यासारखं वाटतंय."

"तुला कधी मांजराने चाटलंय?"

"गप गं. हात हलेल तुझा."

मधे दिवस जाऊ देत पुन्हा बसायचं, पुन्हा मधे दिवस जाऊ द्यायचे. बारकीने कुठे घाई केली नाही, जोर लावला नाही. जे शिकली होती ते सगळं डोळ्यांत तेल घालून केलं. आणि घरी गेल्यावरही तीच ताकीद पाळली. पहिल्या संध्याकाळी थोरली सवयीने पलंगाशी वाकली तसं बारकीने तिला मागे ओढलं.

"आई, आज नको. गाल दुखतोय तिचा."

आईचा हात हवेतच राहिला. थोरलीने तो आपल्या हातात घेतला आणि दाबला. दुसऱ्या दिवशीही तसंच. जरा बरं होतंय तोवर पुढची बैठक यायची, की परत ताकीद. असं महिनोन्महिने चाललं. आई रोज हात पुढे करायची, थोरली रोज हातात हात द्यायची. आवाज होता, पावलं ओळखीची होती, साबणाचा वास तोच होता. आई 'जेव आधी' तेवढं म्हणायची. पुढेपुढे तिने हात पुढे करणं सोडलं.

बारकी आज म्हणते, चूक झाली ती इथे. मशीनची नव्हती. रोज अंगठा फिरला असता तर गाल जसजसा बदलत गेला तसतसा अंगठाही शिकत गेला असता. पण जो नियम परक्यांना सांगायचा तो तिने घरात आणला आणि इमानाने पाळला.

बैठका संपल्या. बाजूने दिवा लावून नंतरचा फोटो काढला. खोल खड्डे होते तिथेच होते, पण सावल्या गेल्या होत्या. थोरलीने फोटो उजेडात नेऊन बघितला. मग म्हणाली, "ही बरी दिसते." जणू तिसऱ्याच कोणाबद्दल. दुसऱ्या दिवशी तिने दुकानातलं स्टूल फिरवलं. त्याच आठवड्यात लांब लोंबते कानातले आणले. यापूर्वी तिने कानाकडे कोणाचं लक्ष जाईल असं काही घातलं नव्हतं.

"आता वाक," बारकी म्हणाली. "आता चालेल."

थोरली पलंगाशी वाकली. आईचा हात तिने स्वतः उचलून गालावर ठेवला. अंगठा डोळ्याखालून निघाला. सरसर खाली आला. थांबला. पुन्हा वर गेला, पुन्हा खाली.

"कोण?"

"मी, आई. थोरली."

आईने मान वाकडी केली. कारखान्यात माल परत पाठवताना करायची तशी.

"आवाज तिचाच काढतेस," ती म्हणाली. "पण तू ती नाहीस."

दोघी हसल्या. बारकी म्हणाली, "अगं आई, डाग गेले तिचे. मी घालवले." आई हसली नाही. तिने हात काढून घेतला आणि पदराला पुसला. मग अगदी हळू, बारकीच्या दिशेने वळून विचारलं, "तिला कुठे ठेवलंय?"

त्या दिवसापासून त्या घरात एक जिवंत माणूस मेलेलं राहू लागलं.

थोरलीच्या हातचं आई खाईना. चमचा तोंडाशी आला की ओठ मिटायची. बारकी घरी असली तर चार घास जायचे, पण बारकीचा दवाखाना सकाळपासून. थोरलीची पाळी दुपारनंतर, म्हणजे दुपारचं जेवण तिच्याच हातचं. ते ताटलीत तसंच राहायला लागलं. आईची मनगटं काटक्यांसारखी झाली. पोटात काही जाईना आणि थोरलीचं नाव मात्र सारखं तोंडात. आधी शोध होता: दुकानात फोन लावा, शाळेत विचारा. मग शोध थांबला आणि आई रडायला लागली. बारीक, थकलेलं रडणं. थोरली बाजूच्या खुर्चीत बसून ते ऐकायची. स्वतःसाठी चाललेलं.

दर आठवड्याला मावशीचा फोन यायचा. एकदा दोघी घरात नसताना आईने तो उचलला. दुसऱ्या दिवशी सकाळी दाराची घंटा वाजली. थोरलीने दार उघडलं. दारात मावशी. हातात कपड्यांची पिशवी, डोळे सुजलेले. तिने थोरलीकडे बघितलं आणि "आई गं" म्हणून तिथेच पायरीवर बसली.

"मावशी, अगं काय झालं?"

"तू... तू गेलीस म्हणून आले ना मी! रात्रभर डोळ्याला डोळा नाही. काय ओरडले मी त्या ड्रायव्हरला, गाडी हाक म्हणून!" मावशीने थोरलीचा दंड दाबून बघितला. मग दुसरा दाबला. खात्री पटल्यावर तिला राग आला. "आणि मेली नाहीस तर फोन तरी करायचा!"

थोरलीने तिला पाणी दिलं. सगळं ऐकून घेतल्यावर मावशीने बारकीकडे मोर्चा वळवला. "काय अडलं होतं गं तुमचं? होता तो गाल काय वाईट होता? चांगल्या पोरीला घासून घासून नाहीशी केलीस."

"मावशी, मी सांगितलं होतं तिला करायला," थोरली म्हणाली.

"तू गप. तू मेलेली आहेस."

हे म्हणून झाल्यावर मावशीने स्वतःच जीभ चावली. आत आई रडत होती.

आईच्या डॉक्टरांनी ऐकून घेतलं. म्हणाले, या आजारात असं होतं. आपलंच माणूस तोतया वाटायला लागतं. आज ना उद्या झालंच असतं. "गालाचा संबंध नसेलही." 'नसेलही' हा शब्द बारकीने घरी आणला आणि उशाशी घेतला. पण त्याच्यावर झोप लागेना.

दवाखान्यात तिचा हात तसाच हलका होता. फक्त ती आता जास्त विचारायला लागली होती. मुलगी खुर्चीत आडवी झाली की हिचा प्रश्न: "घरी माहीत आहे ना? आई-वडील दोघं आहेत? डोळे चांगले आहेत त्यांचे?" रिसेप्शनवाली एकदा करवादली. "तू मशीन चालवतेस का जबानी घेतेस? ती पोरगी विचारत होती, माझ्या बापाच्या डोळ्यांचा काय संबंध!"

संध्याकाळी करडी पूड टाकून बरणी धुवायची असते. तिला ते जमेनासं झालं. थोरलीची पूड कधीच नाल्यातून वाहून गेली होती, हे तिला पक्कं माहीत होतं. तरी बरणी वाकवताना तिला वाटायचं की यातल्या कोणाची तरी घरी वाट बघणं चाललंय. मशीनला परत देता येत नाही. ते फक्त नेतं.

परत द्यायचा एक मार्ग तिला सुचला. छोट्या कापलेल्यावर लावायचं एक पातळ औषध असतं. वाळलं की ते आकसतं आणि कातडीला आत ओढतं. दोन-तीन थर दिले की खड्डा पडतो. नाटकाच्या मेकअपवाले त्याने खोटे व्रण करतात, हे तिने ऐकलं होतं. सुट्टीच्या दिवशी तिने आधीचा फोटो समोर ठेवला आणि काडीने एकेक ठिपका देत गेली. थोरली आरशासमोर बसली होती. तिने कानातले काढून ठेवले होते.

"जन्मभर घालवायला धडपडले," ती म्हणाली, "आणि आता बसलेय लावून घ्यायला."

"हसू नको. सुटेल."

"हसत नाहीये."

दुपारी ती पलंगाशी वाकली. बारकी मागे उभी. आई भिंतीकडे तोंड करून होती. बारकीने तिचा हात धरून आणला. अंगठा डोळ्याखालून निघाला. पहिल्या खड्ड्याशी आला, आत गेला, बाहेर आला. आईचा चेहरा उजळल्यासारखा झाला. अंगठा पुढे सरकला. मग मागे आला. मग आईने अंगठा उलटा केला आणि नखाने एक कड चाचपली.

"रफू आहे," ती म्हणाली.

थोरलीने डोळे मिटले.

"चांगलं केलंय. हात चांगला आहे कोणाचा तरी. पण रफू आहे." तिने दुसरी कड बघितली, तिसरी बघितली. कारखान्यातलाच चेहरा होता, शांत, कामातला. आणि मग तो एकदम बदलला. तिने बारकीचं मनगट घट्ट धरलं आणि थोरलीला ऐकू जाऊ नये अशा आवाजात विचारलं,

"हा तिचा काढून हिला लावलाय का? काढताना तिला दुखलं असेल का गं?"

थोरली उठून मोरीत गेली. बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता. बाहेर आली तेव्हा गाल लाल झाला होता आणि गुळगुळीत होता. त्या दिवशी आईने बारकीच्या हातचंही खाल्लं नाही.

दुसऱ्या दिवशी बारकीने रजा घेतली. दुपारी थोरलीने भात मऊ शिजवला, ताटलीत काढला, झाकून ठेवला. मग चपला घातल्या आणि काही न बोलता बाहेर गेली. बारकीला वाटलं, ही आता येत नाही. एवढ्यात दाराची घंटा वाजली. दारात थोरली.

"मी कामाला आलेय," ती मोठ्याने म्हणाली. आवाज जाडा केलेला, ओळखू न येणारा. "आजींना जेवण भरवायला."

बारकी दार अडवून उभी. थोरलीने तिला खांद्याने बाजूला केलं आणि आत गेली.

"कोण आलंय?" आईने विचारलं.

"बाई आहे, आई," बारकी कशीबशी म्हणाली. "नवीन."

आईने हात पुढे केला. थोरली वाकली. अंगठा डोळ्याखालून जबड्यापर्यंत गेला, एकदाच, कुठेही न थांबता.

"बसा," आई म्हणाली. "लांबून आलात का?"

आईने थोरलीला जन्मात कधी 'अहो-जाहो' केलं नव्हतं. थोरली बसली. चमचा पुढे झाला आणि आईने तोंड उघडलं. एक घास. दुसरा. ताटली रिकामी झाली. खाता खाता आई बोलत होती, परक्या बाईशी बोलावं तसं, जरा मान ठेवून. मला दोन मुली. धाकटी बोलते फार. थोरली गुणाची, पण तोंडाने काही सांगायची नाही. चेहऱ्याला जपायची बिचारी, लोक बोलायचे. मला कधी काही वाटलं नाही बघा. पण तिला मी तसं कधी म्हणाले नाही. म्हणायला हवं होतं का हो?

"हो," थोरली म्हणाली. "म्हणायला हवं होतं."

"तुम्हाला मुलं?"

"नाही."

हे रोजचंच झालं. दुपारी थोरली चपला घालून बाहेर जायची, घंटा वाजवायची, आत यायची. आईच्या अंगावर मूठभर मांस आलं. मावशीला फोनवर सांगितलं तर तिने एवढंच विचारलं, घंटा रोज वाजवते का.

असंच एकदा बारकीच्या सुट्टीच्या दिवशी जेवण झाल्यावर थोरली ताटली घेऊन स्वयंपाकघरात आली. बारकी ओट्याशी उभी होती. तिला वाटलं, ही आता रडेल. थोरली खिडकीच्या काचेत बघत होती. तिने मान जराशी वळवली, डावा गाल उजेडात आणला. आणि मग बारकीकडे न बघता म्हणाली,

"एक सांगू? कोणाला बोलू नको."

"बोल."

"मला हा गाल आवडतो, बारके. एवढं सगळं होऊनही आवडतो. परत दे म्हटलं कोणी, तर मी देणार नाही."

बारकीने बहिणीच्या हातातली ताटली घेतली आणि धुवायला लागली. धुऊन झाली तरी नळ चालूच होता. थोरलीने तो बंद केला.

आतून आईचा आवाज आला. "अहो बाई. आहात का तिकडे?"

"आहे, आजी."

"जरा दार उघडून बघता का? थोरली आली असेल."

थोरलीने हात पुसले. बारकीला वाटलं, ही तिथूनच सांगेल, नाही आली म्हणून. पण ती गेली. तिने कडी काढली, दार पूर्ण उघडलं आणि कठड्याला धरून खाली वाकली. जिना वळतो तिथपर्यंत नीट बघितलं. बारकीही नकळत तिच्या मागे जाऊन उभी राहिली होती आणि बहिणीच्या खांद्यावरून खाली बघत होती. पायऱ्यांवर ऊन पडलं होतं. खालून कोणीतरी येत असल्याचा आवाज झाला, पहिल्या मजल्यापर्यंत आला आणि थांबला.

थोरली परत आत गेली.

"अजून नाही आली, आजी."

"दार उघडंच राहू दे मग," आई म्हणाली. "चालेल ना?"

"चालेल," थोरली म्हणाली, आणि तिने दार उघडंच ठेवलं.